आधी पुसा, मग वेळ द्या

सकाळी साडेनऊला नव्याच्या पडद्यावर प्रोग्रॅमच्या बारा टेस्टच्या ओळींपैकी नऊ लाल, म्हणजे नापास झाल्या. कंपनीत सहा महिने झाले, तरी सगळे त्याला नवाच म्हणत. आज बारा वाजता दातांच्या एका दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाई त्यानं लिहिलेला, पेशंटना वेळ द्यायचा प्रोग्रॅम बघायला येणार होत्या. तोवर सगळ्या ओळी हिरव्या दिसल्या, तर कंपनीच्या मॅडम त्याच्या कायम नोकरीच्या पत्रावर सही करणार होत्या.

"काल तर सगळं हिरवं होतं," तो म्हणाला.

"काल तुझ्या टेस्ट ओळीनं चालत होत्या," शेजारचे काका म्हणाले. काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर. "आज मी सेटिंग बदललं. मशीन मनाला येईल ती टेस्ट आधी घेतं. प्रत्येक टेस्ट कशी, स्वतःच्या पायावर उभी पाहिजे."

नव्याच्या टेस्टना पायच नव्हते. पहिली एक पेशंट नोंदवायची, दुसरी त्यालाच वेळ द्यायची, तिसरी ती वेळ बदलायची, असं करत करत बारावी त्याला पुसून टाकायची. प्रत्येकीनं पुढचीचा पदर धरलेला. सगळ्या पुन्हा लिहायच्या म्हणजे दोन दिवस, आणि हाताशी तास अडीच.

मग त्यानं काकांची पाठ फिरलेली बघून आपल्यापुरता क्रम बांधून टाकला. टेस्टच्या नावांपुढे आकडे घातले, एक ते बारा, आणि नावाच्या क्रमानं चालव म्हणून मशीनला सांगितलं. मशीनची अक्कल अशी, की त्यानं आकडे अक्षरांसारखे वाचून एकनंतर घेतले दहा, अकरा, बारा, आणि मग दोन. पेशंट आला, पुसला गेला आणि मग त्याला वेळ मिळाली. तिथे प्रोग्रॅमच आडवा झाला.

"असं कोण करतं," नवा पुटपुटला. त्यानं एक ते नऊच्या आधी शून्य लावलं आणि सगळं हिरवं झालं.

इतक्यात बायकोचा फोन. "झाली का सही? बाबांनी दोनदा विचारलं."

"होईल. ठेव तू."

फोन ठेवतो न ठेवतो तोच काका म्हणाले, "तुझ्या टेस्टमध्ये माझी एक छोटी टेस्ट टाकलीय."

"कुठे?" नव्याचा आवाज चिरकला.

"कुठे काय? कुठेही."

ती नेमकी शेवटी गेली, पुसलेल्या पेशंटला शोधत, आणि लाल झाली. नव्यानं तिला चौथी केली, बाकीच्यांना एकेक घर पुढे ढकललं. घाईत दोघी नवव्या झाल्या, दहावी गायब. बाराला दोन मिनिटं असताना तेराच्या तेरा हिरव्या झाल्या. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

काउंटरच्या बाई आल्या. मॅडम मागे उभ्या, हातात पत्र. बाईंनी पेशंट नोंदवला, लगेच पुसला, आणि बाजूच्या यादीत त्याचं नाव अजून दिसत होतं त्यावर बोट ठेवून वेळ दिली. पडदा पांढरा पडला.

"बारानंतर दोन," नव्याच्या तोंडून निघून गेलं.

"असंच चालतं हो आमच्याकडे," बाई म्हणाल्या. "पेशंट नाव घालतात, मग घाबरून काढायला लावतात. रात्रभर दात ठणकला की सकाळी परत फोन."

मॅडमनी नव्याकडे बघितलं. "तुला हे माहीत होतं?"

"सकाळी दिसलं होतं."

"मग काय केलंस?"

"क्रम लावला," तो कसंबसं म्हणाला.

"आमच्या पेशंटांना?" बाईंनी पर्स खाली ठेवली. "वीस वर्षं खपतेय मी त्यासाठी. मॅडम, तुम्हाला नको असतील तर यांना आमच्याकडे द्या. सोमवारपासून येऊ दे."

मॅडमनी एकदा पांढऱ्या पडद्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि पत्रावर सही केली.

"आता तो क्रम काढ," त्या म्हणाल्या.

नव्यानं काढला. कायम नोकरीतलं त्याचं पहिलं काम पडदाभर लाल झालं.