रळियातबांच्या मांडीची मोहीम

हाडे घडविणाऱ्या परमेश्वरास आणि ती मोडल्यावर सांधणाऱ्या राजकोटच्या कारखानदारांस दंडवत घालोन, तेथील आजी नामक नदीच्या काठची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे घातले ते चवीपुरते मीठ.

मातुश्री रळियातबा उमराणिया, उमर वर्षे अठ्ठ्याहत्तर, हिंडोळ्यावरोन उतरता पडल्या, आणि उजव्या मांडीचे हाड जायबंदी जाहले. बांचे दोन्ही पुत्र हाडांच्या पट्ट्या नि स्क्रू करणारे मातबर सरदार. थोरले जेरामभाई पोलादाचे, धाकटे दामजीभाई टायटॅनियमचे. वाटणीपासोन सात वर्षे उभयतांत अबोला. आता आईच्या मांडीत कोणाचा धातू जावा, यावरोन इस्पितळात मोर्चे लागले, आणि खलित्यांची ने-आण बिचाऱ्या नर्सबाईंकडे आली.

जेरामभाईंनी कळविले की, पोलाद ताठ, त्यास वाकणे ठाऊक नाही. दामजीभाईंचा जबाब आला की, टायटॅनियम वजनास निम्मे, हाडासंगे थोडे लवते, आणि हाड त्यास सोयरे मानिते. ताठपणाचे कौतुक ज्याचे त्यास. मग गांठिये आले, रकाबीतून चहा जाहला, आणि नर्सबाईंचे पाय दुखो लागले तेव्हा तह ठरला: पट्टी थोरल्याची, स्क्रू धाकट्याचे. उभयता धंद्यातले जाणते, परंतु मानापुढे अक्कल गहाण. सात वर्षांत पहिलीच एकवाक्यता, तीही चुकीची.

डॉक्टर वसावडांनी तहनामा साफ फेटाळिला, आणि फर्माविले की, अंगातले पाणी खारे. त्यात दोन जातींचे धातू भिडले की एक दुसऱ्यास कुरतडतो, आणि बा पुन्हा खाटेवर येतील. उभयतांच्या माना खाली गेल्या.

तेव्हा बा बोलल्या, "अरे, तुम्हा दोघांना याच अंगात वागवलंय मी, पण एका वेळी एकालाच. दामजीचं आत घाला. आणि जेराम, रुसू नकोस, मला काठी लागेल. ती पोलादाची कर, पण मूठ नीट वळव, हाताला टोचायला नको."

मग ज्या पोलादास वाकणे ठाऊक नव्हते, त्याची मूठ जेरामभाईंनी जातीने वाकविली.

तिसरे आठवड्यात बांची स्वारी अंगणात निघाली. आत धाकट्याची पट्टी, डाव्या हाती थोरल्याची काठी, हिंडोळा अकरा पावलांवर. सातव्या पावलास बा डगमगल्या, आणि दोघेही धावले.

"मोटाभाई, तुम्ही उजवीकडून धरा," दामजीभाई बोलोन गेले.

"धरलंय. तू काठी सांभाळ," जेरामभाई म्हणाले.

येणेप्रमाणे हिंडोळा फत्ते जाहला, हे नमूद असे. झोका कोणी द्यावा यावरोन मागाहून कज्जा जाहला, परंतु तो समोरासमोर जाहला.