गाव झाका, पाऊस आला!

पाऊस आला की माणसं आडोशाला पळतात. आमचे चिटणीसकाका उघड्यावर पळतात. त्यांना गाव झाकायचं असतं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते हॅम्बर्गच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. पंगत बसली होती. काकांच्या पानात दुसरा मोदक पडला होता, त्यावर तूपही आलं होतं. तेवढ्यात खिडकीवर चार थेंब वाजले आणि काका ताडकन उठले. "अरे, गाव भिजेल!" म्हणाले आणि तुपाच्याच हाताने सायकल काढून गेले. बाई गं, म्हटलं, यांना झालं तरी काय! शेजारच्या वहिनी शांतपणे म्हणाल्या, "काही नाही गं मानसी, त्यांचं वाळवंट आहे ना, तिकडे गेले." आणि आमटी वाढायला पुढे सरकल्या.

हॅम्बर्गमध्ये वाळवंट! इथे आम्ही छत्री वाळवायला ठेवत नाही, कारण ती वाळायच्या आत परत लागते.

जर्मनीत श्रेबरगार्टन नावाचा प्रकार आहे. शहराच्या कडेला बागेच्या छोट्या छोट्या तुकड्यांची वसाहत असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक तुकडा भाड्याने घ्यायचा आणि हौसेने टोमॅटो, बटाटे लावायचे. काकांनी त्यांच्या तुकड्यात वाळूच्या गोण्याच्या गोण्या ओतून स्वाकोपमुंड बांधलं होतं.

स्वाकोपमुंड हे आफ्रिकेतल्या नामिबियाच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव. पश्चिमेला अटलांटिक महासागर आणि उरलेल्या सगळ्या बाजूंना वाळवंट. मला यातलं काही माहीत नव्हतं. काकांनी पहिल्या भेटीत सांगितलं, दुसऱ्या भेटीत परत सांगितलं आणि तिसऱ्या भेटीत माझी तोंडी परीक्षा घेतली.

काकांचं सगळं आयुष्य जहाजांच्या इंजिनात गेलं. रिटायर झाले तरी खिशात मेजरटेप असायची. बागेच्या फाटकाशी चपला काढायच्या हा नियम. "गावात अनवाणी," काका म्हणायचे. गुडघ्याएवढी घरं, चिप्सच्या डब्यांना लाल-पांढरा रंग देऊन केलेलं दीपगृह, पश्चिमेच्या कुंपणाशी निळं प्लास्टिक अंथरलेला समुद्र. रस्ते मात्र चांगले ऐसपैस, एक माणूस आरामात चालेल असे.

"काका, घरं एवढीशी आणि रस्ते केवढे हो?"

"आल्झो, म्हणजे असं बघ, तिथले रस्ते रुंदच आहेत. बैलगाड्या वळायच्या ना! एकेका गाडीला बैलांच्या किती जोड्या! नकाशा बघ. नकाशा खोटं बोलत नाही."

हे त्यांचं पालुपद. गावाबद्दल त्यांचं चुकलं असं आजवर कोणी म्हणू शकलं नव्हतं. मी एकदा दीपगृह जरा डावीकडे हवं होतं म्हणाले, नुसतं दिसायला बरं म्हणून हो, तर मला अर्धा तास उन्हात उभं करून नकाशा दाखवला. रोज सकाळी हातपंपाने गावावर धुकं फवारायचे, तेही पश्चिमेकडूनच. "समुद्र थंड, वाळवंट तापलेलं. धुकं येणारच. पाऊस नाही पडत तिथे, म्हणून वाळवंटातले किडे धुकं पितात. पाठीवर थेंब जमवतात आणि डोकं खाली, ढुंगण वर करून उभे राहतात." हे सांगताना स्वतः अर्धवट तसे उभेही राहायचे.

इतिहास ऐकावा तर त्यांच्याकडूनच. जवळचं चांगलं बंदर इंग्रजांच्या ताब्यात होतं, म्हणून जर्मनांनी हट्टाने जिथे बंदर होऊच शकत नाही तिथे बंदर करायला घेतलं. धक्का बांधला, तो वाळूने भरला. लाकडी पूल बांधला, तो लाटांनी खिळखिळा केला. "मग लोखंडी घेतला, तो पुराच झाला नाही!" एवढं बोलून काका असे खूश व्हायचे, जणू ती वाळू यांनीच टाकली होती.

पण गावाच्या कडेला वाळूचे बारीक बारीक उंचवटे होते, तिथे आले की त्यांचा आवाज उतरायचा. "हेरेरो आणि नामा लोक. जर्मनांनी इथे छावणीत डांबले, राबवून राबवून मारले. कबरींवर नावंसुद्धा नाहीत." बागा बघत हिंडणाऱ्या प्रत्येक जर्मन पाहुण्याला काका तिथे नेऊन दोन मिनिटं उभं करायचे. त्यांच्याच देशात राहून, त्यांच्याच भाषेत, न चिडता. मला त्या वेळी काकांचा फार अभिमान वाटायचा.

एका जागेबद्दल मात्र काका गप्प. उत्तरेच्या कोपऱ्यात, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला चार विटा मांडलेल्या होत्या. घर नाही, काही नाही. विचारलं की, "खासगी मालमत्ता," म्हणून पुढे.

आणि मग मार्चमध्ये बागांच्या संघटनेचं पत्र आलं. नियम असा की जागेच्या तिसऱ्या हिश्श्यात भाज्या नाहीतर फळं हवीतच. काकांकडे एकूण शेती म्हणजे तुळशीची एक कुंडी. मे अखेरीला पाहणी. तोवर वाळू काढा, नाहीतर बाग सोडा.

मी म्हटलं, "काका, एवढं काय मनाला लावून घेता? तो विटांचा कोपरा द्या, तिथे लावू मेथी. तिथे तसंही काही नाही."

"ते सोडून!" काका ओरडले. पाच वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. मग स्वतःच ओशाळले आणि समुद्राच्या काठावर बसले.

"तिथे आमचं घर होतं गं," म्हणाले. नामिबिया नुकताच स्वतंत्र झाला होता, तेव्हा कंपनीने त्यांना दोन वर्षं तिकडे पाठवलं होतं. काकू तिथे रमल्या. भांडी धुतलेल्या पाण्यावर कोथिंबीर काढली, शेजारणीला थालीपीठ शिकवलं. "इथेच राहू या म्हणाली. मी म्हणालो, नोकरी हॅम्बर्गला, पेन्शन हॅम्बर्गला. शहाणा ना मी! पुढे वीस वर्षं तिने हा पाऊस काढला. सांधे धरले. सहा वर्षांपूर्वी म्हणाली, आता नाही होत, आणि पुण्याला बहिणीकडे गेली."

मंडळात सगळे कुजबुजायचे की काका-काकूंचं बिनसलंय. खरं तर दर रविवारी स्काइपवर काका काकूंना गावाची हालहवाल सांगत होते. कुठलं घर झालं, कुठली गल्ली निघाली.

"जूनमध्ये येतेय. राहायला जमतंय का बघते म्हणाली. तोवर गाव राहिलं पाहिजे, मानसी."

मेच्या शेवटी संघटनेचे अध्यक्ष हेर क्लाउझेन वही घेऊन आले. गावाच्या दक्षिणेला तुकड्याचा चांगला तिसरा हिस्सा वाळूचे लांब वरंबे घातलेले होते.

"हे काय?"

"स्वाकोप नदी. वर कोरडी असते, वाळूखाली पाणी. तिथले शेतकरी नदीच्या खोऱ्यात श्पार्गेल लावतात. मीही लावलंय."

श्पार्गेल म्हणजे शतावरीच्या भावकीतले ते पांढरे कोंब. त्यांचं नाव काढलं की जर्मन माणूस विरघळतो, आणि ते उत्तम येतात ते वाळूतच. क्लाउझेनसाहेबांनी वाकून वाळू चिमटीत घेतली, तज्ज्ञासारखी चोळली. "तीन वर्षं लागतील काढणीला."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मी कुठे जातोय?"

साहेबांनी वहीत बरोबरची खूण केली. ते गेल्यावर मी म्हटलं, "काका, नकाशात नदी एवढी रुंद नाहीये हं!"

"पूर आलाय," काका म्हणाले आणि मान फिरवली.

काकू आल्या त्या दिवशी चक्क ऊन होतं. काकांचा सकाळीच फोन, "तू ये बाई, मला एकट्याला भीती वाटते." पुरस्कार घ्यायला निघाल्यासारखे इस्त्रीच्या शर्टात उभे होते. काकू ठेंगण्याशा, साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट शूज. फाटकातून त्यांनी सगळं नजरेखालून घातलं.

"अहो, हे काय करून ठेवलंय!"

मग खाली बसून त्यांनी बूट काढले. काका नकाशा उलगडायला लागले, पण काकूंनी तिकडे बघितलंही नाही. गुडघे सांभाळत दीपगृहावरून गेल्या, स्टेशनाला वळसा घातला, पहिली गल्ली सोडली, दुसरी सोडली, तिसरीत वळल्या आणि टोकाला जाऊन चार विटांपाशी थांबल्या. कोणाला काही विचारलं नाही.

पायाच्या अंगठ्याने एका विटेवरची वाळू बाजूला सारली.

"दार या बाजूला नव्हतं," त्या म्हणाल्या. "समुद्राकडे होतं. सकाळी उघडलं की धुकं आत यायचं आणि तुम्ही माझ्यावर ओरडायचात."

मी काकांकडे बघितलं. आता अर्धा तास नकाशा! काकांनी मेजरटेप खिशात टाकली.

"नकाशा चुकला असेल," म्हणाले, आणि वाकून त्यांनी पूर्वेची उंबऱ्याची वीट उचलून पश्चिमेला ठेवली.

मला हुंदका आला, तो मी शिंक म्हणून खपवला. काकू तोवर पलीकडचे वरंबे बघत होत्या. "आणि नदी केव्हापासून एवढी?"

"ते श्पार्गेल आहे. तीन वर्षांनी येईल."

काकूंनी पदराने पायाची वाळू झटकली, पुन्हा वाळूतच पाय ठेवला.

"घरातला हीटर नीट चालतो का हो?" त्यांनी विचारलं. "की अजून तसाच खडखडतो?"

"करतो," काका म्हणाले. "आजच नीट करतो."