मास्तरांना भोपळा

"शून्य?" मास्तर स्टुलावरून उठलेच. "मला?"

दवाखान्यात नवीन तक्ता आला होता. डॉक्टरांकडे पाठवण्याआधी नर्स प्रत्येकाचा श्वास, नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब, ताप मोजायची आणि कागदावर गुण मांडायची. गणिताच्या निवृत्त मास्तरांना यातलं एवढंच कळलं, की इथे गुण मिळतात. उभी हयात त्यांनी हात आखडून गुण दिले होते. ही नर्ससुद्धा त्यांचीच विद्यार्थिनी, सहावीच्या चाचणीत त्यांच्याकडून भोपळा घेऊन रडत घरी गेलेली.

"सहावीतला राग काढतेस होय?"

"अहो सर, गुण जितके जास्त तितका माणूस आजारी. शून्य म्हणजे ठणठणीत."

"ही कसली परीक्षा? गुडघा ठणकतोय, झोपेचं खोबरं झालंय, आणि शून्य! पेपर पुन्हा तपास."

पुन्हा शून्यच आलं. मास्तर तणतणत बाहेर पडले, दुखरा गुडघा विसरून जिना तीनदा चढले-उतरले आणि धापा टाकत परत स्टुलावर आदळले. "आता मोज!"

"पाच," नर्स म्हणाली. मास्तरांची कळी खुलली. "पण कॉपी करून मिळवलेले धरत नाहीत, सर. दहा मिनिटं गप्प बसा. तोवर काकूंचं बघते."

काकू नुसत्या सोबतीला आल्या होत्या, मास्तरांची पिशवी सांभाळत. "माझं कशाला गं? मला काय धाड भरलीये? कालपासून जरा दमल्यासारखं होतंय, एवढंच."

नर्सने मोजलं. मग पुन्हा मोजलं. "सात."

मास्तरांना क्षणभर चक्क हेवा वाटला. "सात? न मागता?" मग त्यांना नर्सचा चेहरा दिसला. डॉक्टरांना हाक मारतामारता तिने रुग्णवाहिकेसाठी फोनही उचलला होता.

"पुन्हा तपास," मास्तर म्हणाले. "हिचे कमी कर, पोरी. हवं तर माझे वाढव."

न्युमोनिया निघाला. ताप नाही, खोकला नावाला, आणि एक दिवस उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं, असं मोठ्या रुग्णालयात सांगितलं. मास्तर खाटेशेजारी बसून घड्याळ लावून बायकोचे श्वास मोजत राहिले. मिनिटाला सव्वीस होते, मग बावीस झाले. अठरा झाले त्या दिवशी ते चार दिवसांनी पोटभर जेवले.

तीन आठवड्यांनी दोघं पुन्हा नर्ससमोर आली. या वेळी पिशवी मास्तरांकडे होती. नर्सने मोजलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला, मग बाहेरच्या बाकांवरच्या प्रत्येकाला दाखवत सुटले. "शून्य! आमच्या हिला शून्य!"

"अहो, बसा की. लोक हसतायत," काकू लाजून म्हणाल्या.

मास्तर परत आले. खिशातलं लाल पेन काढून त्यांनी कागदावर शेरा लिहिला, 'शाबास', खाली झोकदार सही ठोकली आणि कागद नर्सपुढे धरला.

"हा तुझा. सहावीत द्यायचा राहिला होता."