देवरे डॉक्टरांचं मत

पोहे कसे झालेत असं विचारलं की साधा माणूस "छान" म्हणतो आणि पुढचा घास घेतो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले देवरे डॉक्टर घास चावून चावून गिळतात, पंख्याकडे बघतात आणि म्हणतात, "मत राखून ठेवतो, वहिनी."

आता बोला! पोहे आहेत की खुनाचा खटला?

डॉक्टर सरकारी इस्पितळात पोस्टमॉर्टेम करायचे, आता रिटायर झालेत. मरणाचं कारण नक्की कळेना की तिथं पोटातले अवयव तपासायला लॅबला पाठवतात आणि रिपोर्टवर लिहितात, "मत राखून ठेवले आहे." जन्मभर तेच लिहून ते वाक्य त्यांच्या जिभेलाच चिकटलं. तरुणपणी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांनी पसंती विचारली. ह्यांनी तिथंही मत राखून ठेवलं! मुलीचं दुसरीकडे लग्न झालं, तिला मुलंबाळं झाली, आणि हे इथं इंदिरानगरात एकटे आपली भांडी विसळतायत.

माणूस विक्षिप्तच. आपण नमस्काराला हात जोडले तरी ह्यांची नजर आपल्या नखांवर. लिफ्टमध्ये कोणी खोकलं की लगेच "किती दिवस झाले?" आमचे हे तर म्हणतात, "देवऱ्यांसमोर डुलकी काढू नकोस गं, वेळ नोंदवून घेतील."

मागच्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये काविळीची साथ आली. सगळ्यांनी मिळून गेटवरच्या पाणीपुरीवाल्याला शिव्या घालून हाकललं, त्यात मी सेक्रेटरी म्हणून सगळ्यात पुढे. डॉक्टरांना विचारलं, तर मत राखलेलं! घरोघरी बाटल्या घेऊन फिरले, नळाचं पाणी तपासून आणलं, आणि आम्ही सगळं विसरून गेल्यावर निकाल सांगितला. दोष आमच्याच जमिनीखालच्या टाकीचा होता, शेजारचा ड्रेनेजचा पाइप गळत होता. मग स्वतः जाऊन त्या पाणीपुरीवाल्याला शोधून आणलं आणि भर गेटात, आम्हाला दिसेल असं उभं राहून, दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली. कशी होती विचारलं तर त्यावरही मत राखून ठेवलं, मेल्यानं!

तेव्हापासून खालच्या आणि गच्चीवरच्या टाकीत औषध टाकायचं काम त्यांनीच घेतलंय. गच्चीची किल्ली माझ्याकडे असते. संक्रांतीत माझ्याकडे हळदीकुंकू चाललेलं, घर बायकांनी भरलेलं, आणि हा बाबा बर्म्युडा घालून दारात उभा. "वहिनी, किल्ली."

नेमकी तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरची अश्विनी गजरा माळत होती. कळवणची पोर, लग्नाला वर्षही झालेलं नाही. तिनं हात वर केले आणि दंडाची आतली बाजू दिसली, निळी आणि पिवळी. आम्ही सगळ्यांनी बघितलं. तिची सासू घाईघाईनं म्हणाली, "बाथरूममध्ये घसरली हो. साबण होता." आम्ही "बाई गं, जपून" म्हणून तिळगूळ पुढे केला.

डॉक्टर किल्ली घ्यायची सोडून आत आले. "खोटं," ते म्हणाले.

हातातली तिळगुळाची वाटी मी खाली ठेवली.

"घसरलेलं माणूस गुडघ्यावर पडतं, कोपरावर पडतं. दंडाच्या आत नाही पडत. ही बोटं उमटलीत, आणि हा अंगठा. निळं कालचं, पिवळं त्याच्या आधीचं. तुमच्या घरचा साबण सारखा सारखा हात धरतो का हो हिचा?"

सासू लालबुंद. "डॉक्टर, तुम्ही तुमची मढी बघा!"

"तीच बघत आलोय. अशाच पोरी यायच्या माझ्या टेबलावर. बाहेर सासरचे हेच सांगायचे, घसरली म्हणून. मी मत राखून ठेवायचो, त्या बिचाऱ्या थांबायच्या. हिला थांबायला वेळ नाहीये, बाई." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पोरी, तुला काय करायचंय? तू सांगशील तसं."

अश्विनीनं सासूकडे बघितलं नाही. "आईकडे जायचंय," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. मी तिला पोटाशी धरलं.

त्याच संध्याकाळी, ती हो म्हणाल्यावर, डॉक्टरांनी तिला इस्पितळात नेऊन जखमांची नोंद करवली आणि पोलिसांत तक्रार दिली. नवरा तिथं येऊन बराच गुरगुरला, पण मीही काही कमी नाही, पुरून उरले. रात्री ती माझ्याकडेच झोपली आणि सकाळी आम्ही तिघं डॉक्टरांच्या गाडीतून कळवणला निघालो. ते गाडी अशी हळू चालवतात की वणीच्या अलीकडे एका ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं.

अश्विनीची आई अंगणात कांदे निवडत होती. लेकीला बघून तशीच उठली, सगळं ऐकलं, तिच्या दंडावरून हात फिरवला आणि डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टर, मनी पोर बरी व्हई ना?"

डॉक्टरांनी वर आभाळाकडे बघितलं. म्हटलं, इथंही मत राखतो की काय हा! पण त्यांचा चेहरा बघितला आणि मलाच भरून आलं. आजवर त्यांच्यापुढे आलेल्या प्रत्येक आईनं एकच विचारलं असणार, कशानं गेली. पोर बरी होईल का, हे ह्या माणसाला कोण कशाला विचारेल?

"व्हई, माय," ते म्हणाले. तेही त्याच बाजूचे, सटाण्याचे. "एकदम बरी व्हई."

मग त्यांनी अश्विनीचं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर बोटं ठेवली. नाडी बघायला इतका वेळ लागत नाही, एवढं मलाही कळतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलासुद्धा त्यांनी हात सोडला नाही. अश्विनीनंही तो काढून घेतला नाही.