रोलर की रस्ता

दातांच्या डॉक्टरांना राग आला की त्यांचे पेशंट न सांगताच तोंड उघडत. त्या दिवशीही खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ आ करून पडले होते, आणि डॉक्टर हातातलं यंत्र तसंच गुरगुरत ठेवून फोनवर ओरडत होते.

"कोण म्हणालं मी घाबरलो? मी? त्याला म्हणावं, रविवारी ये! आणि येताना वाक्य पाठ करून ये!"

फोनवर डॉक्टरांची बायको होती आणि 'तो' म्हणजे साडू, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघा साडूंकडे वेगवान गाड्या होत्या, त्यामुळे त्या घरात दुसरा कुठला विषय निघत नसे. रविवारी सकाळी बंद पडलेल्या जुन्या धावपट्टीवर दोघांची शर्यत होती आणि दुपारी सासऱ्यांच्या वाढदिवसाचं जेवण. हरेल त्याने जेवणाआधी उभं राहून सगळ्या सासरवाडीसमोर म्हणायचं, "हे माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतात." गेल्या वर्षी हे वाक्य डॉक्टरांच्या वाट्याला आलं होतं. मेहुणीने टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. वर्षभर डॉक्टरांना ते वाक्य आठवलं की कोणाचा ना कोणाचा दात विनाकारण दुखत असे.

या वर्षी त्यांनी गाडीला इंजिनाची ताकद वाढवणारा मोठा टर्बो बसवला होता. पण नुसता टर्बो बसवून भागत नाही. इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं, ते नव्याने ठरवावं लागतं. त्याला ट्यूनिंग म्हणतात, आणि ते दोन प्रकारे होतं. एक, डायनोवर, म्हणजे जमिनीत बसवलेल्या रोलरांवर गाडी पट्ट्यांनी बांधून जागच्या जागी पळवायची. दुसरा, रस्त्यावर, म्हणजे आपण गाडी चालवायची आणि शेजारी लॅपटॉप घेऊन माणूस बसवायचा.

"अहो, धाकटी सांगत होती, त्यांनी रोलरवर केली म्हणून. तुम्हीही तिथेच जा ना," बायको म्हणाली.

"त्याने जिथे केली तिथे मी जाऊ?"

"दुसरा रोलर आहे कुठे?"

दुसरा रोलर कुठेच नव्हता. डॉक्टरांनी फोन आपटला. खुर्चीतले गृहस्थ काहीतरी म्हणायला लागले. "तुम्ही बोलू नका!" डॉक्टर गरजले. गृहस्थांना एवढंच सांगायचं होतं की दुखणारा दात दुसऱ्या बाजूचा आहे.

रोलरवाला हा उभा-आडवा भक्कम माणूस होता आणि त्याच्याही नाकावर रागच असे. त्याने गाडी रोलरवर चढवली, चारही बाजूंनी पट्टे आवळले आणि गाडी पळवली. कारखान्यात असा आवाज झाला की भिंतीवरच्या तसबिरी थरथरल्या. त्यातली एक डॉक्टरांना ओळखीची वाटली. जवळ जाऊन पाहिलं तर साडू स्वतःच्या गाडीच्या बॉनेटला टेकून हसत होता, आणि फोटोखाली त्याच्या इंजिनाची ताकद ठळक आकड्यात लिहिली होती.

डॉक्टरांनी वळून पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या गाडीचा आकडा बराच कमी होता.

"हे काय?"

"हे तुमचं इंजिन."

"एवढं कमी? मोठा टर्बो बसवलाय मी! तुमचं यंत्र बिघडलंय!"

"माझं यंत्र?" रोलरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यंत्र जे आहे ते दाखवतं! अहो, हा तर आधीचा..."

"आधीचं, नंतरचं मला सांगू नका! त्या फोटोवाल्याकडून कळलंय ना सगळं? त्याचा आकडा फुगवायचा आणि माझा दाबायचा! लबाड आहात तुम्ही!"

"सोड रे पट्टे!" रोलरवाला कामगारावर ओरडला. "काढ ती गाडी! आणि डॉक्टर, पुन्हा यायचं असेल तर आधी माफी मागायची, मग दारात पाय ठेवायचा!"

"माझा दात पडला तरी येणार नाही!"

पट्टे सोडणारा कामगार हळूच म्हणाला, "साहेब, ते मोजमाप ट्यूनिंगच्या आधीचं होतं. काम अजून सुरूच झालं नव्हतं." डॉक्टरांना ते ऐकू आलं. पण एवढं बोलून झाल्यावर माघार कशी घ्यायची, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. ते उलट जास्तच संतापले आणि सरळ लॅपटॉपवाल्याकडे गेले.

लॅपटॉपवाला सडपातळ, भित्रा आणि कोणालाही 'हो' म्हणणारा होता. पट्टा लावून तो शेजारी बसला आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

"डॉक्टर, आता ॲक्सिलरेटर अगदी हळूहळू..."

तेवढ्यात समोर एक ट्रक आडवा आला. डॉक्टरांनी ब्रेक दाबला, हॉर्न दाबला, काच खाली केली आणि ट्रकवाल्याच्या कुळाचा उद्धार केला. मग ॲक्सिलरेटर तळाशी टेकवला. लॅपटॉपवाला सीटमध्ये रुतला. पुढे एक स्कूटरवाला फोनवर बोलत बोलत चालला होता. पुन्हा ब्रेक, हॉर्न, कुळ, आणि पुन्हा ॲक्सिलरेटर तळाशी. सिग्नल लागला तर डॉक्टर सिग्नलवरही ओरडले.

"डॉक्टर, थोडं मधे... म्हणजे पाय अर्धवट..."

"काय अर्धवट?"

"काही नाही, डॉक्टर. मस्त चाललंय."

दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी लॅपटॉपवाल्याने लॅपटॉप मिटला, "झाली, डॉक्टर, रॉकेट झाली," म्हणाला आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरला. डॉक्टरांनी परत येताना गाडी पिटाळली. खरंच, काय सुसाट पळाली! रोलरवाल्याच्या दारावरून जाताना त्यांनी मुद्दाम हॉर्न वाजवला.

शनिवारी बायको केक आणायला तीच गाडी घेऊन गेली आणि रिक्षाने परत आली.

"अहो, ती गाडी उचक्या देते. दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. कोपऱ्यावर उभी आहे."

"तुला चालवता येत नाही!"

"बरं. मग तुम्ही आणा."

डॉक्टर तणतणत कोपऱ्यावर गेले, धाडकन दार लावलं आणि गाडी एका दमात घरी आणली. "बघ!" ते म्हणाले. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने लॅपटॉपवाल्याला फोन लावला. आधी डॉक्टर जवळ नाहीत ना याची त्याने खात्री करून घेतली, मग सगळं सांगून टाकलं.

"वहिनी, रस्त्यावर जेवढं चालवून दाखवतात तेवढंच मला बसवता येतं. डॉक्टरांचा पाय एक तर ब्रेकवर, नाही तर तळाशी. मधे कधी थांबलाच नाही. त्यामुळे मधलं सगळं रिकामं राहिलंय. हळू चालवली की गाडीला कळतच नाही काय करायचं ते."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"तुम्ही सांगता का त्यांना?"

बायकोने फोन ठेवला. एका दिवसात मधलं भरून घ्यायचं तर रोलरच हवा होता. तिने रोलरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "येऊ दे. आधी माफी."

"माफी?" डॉक्टरांनी आकाशपाताळ एक केलं. "त्या लबाडाची? मला मधलं करायचंय काय? शर्यतीत कोण मधे पाय ठेवतं?"

हे मात्र बायकोलाही पटलं. डॉक्टर रागावलेले राहिले तर जिंकतील, एवढं तिला कळलं होतं.

रविवारी सकाळी धावपट्टीवर मेहुणीने चुन्याची रेघ मारली. इथून निघायचं, टोकाला ठेवलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. ज्याची पुढची चाकं आधी रेघ ओलांडतील तो जिंकला. साडू डॉक्टरांच्या खिडकीपाशी आला.

"दादा, खरं सांगू? गेल्या वर्षी माझं नशीब होतं म्हणून जिंकलो. गाडी तुम्हीच चांगली चालवता."

डॉक्टरांच्या कपाळावरची शीर सैल पडली. "अरे, तसं काही नाही..." ते चक्क हसले. राग गेला तर गाडी उचक्या देणार, हे बायकोने ओळखलं. साडू आपल्या गाडीत बसेपर्यंत ती थांबली, मग खिडकीत वाकून खोटंच म्हणाली, "अहो, मी मघाशी त्यांना सांगितलंय, यांना जिंकू द्या म्हणून. 'बरं,' म्हणाले."

"काय केलंस?"

मेहुणीने रुमाल खाली टाकला. डॉक्टर तोफेच्या गोळ्यासारखे सुटले. आतून नुसता आरडाओरडा ऐकू येत होता, त्यात बायको, साडू, रोलरवाला आणि सासरे सगळे आले. त्यांनी पिंपाला वळसा घातला तेव्हा साडू अजून समोरून येत होता.

आणि तिथेच घात झाला. डॉक्टरांना आनंद झाला. एवढा की शेवटची थोडी वाट ऐटीत, हळू, खिडकीतून हात हलवत यावं असं त्यांना वाटलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाय अर्धवट ठेवला. गाडीने उचकी दिली. मग दुसरी. रेघेच्या हातभर अलीकडे ती बंद पडली.

"चल ना गं," डॉक्टर तिला विनवायला लागले. विनवण्या तिला समजत नव्हत्या.

मागून साडू आला. जोरात पुढे जाऊन त्याला जिंकता आलं असतं, पण त्याने करकचून ब्रेक मारला आणि धावत आला.

"दादा, उतरू नका, चाक वळवत राहा! बाजूला घेऊ या!" म्हणत त्याने मागून खांदा लावला. गाडी सरकली आणि पुढची चाकं चुन्याच्या रेघेवरून गेली.

"जिंकले!" मेहुणी ओरडली. "भावजी जिंकले!"

दुपारी सगळे जमले. साडू उभा राहिला आणि खुल्या दिलाने म्हणाला, "हे माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतात. मी चांगली ढकलतो."

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय म्हणाला?" सासऱ्यांनी विचारलं, आणि साडूने ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं. सासरे उठले आणि त्यांनी साडूला मिठी मारली. "किती मोठं मन! असा जावई मिळायला भाग्य लागतं!" केकचा पहिला तुकडाही त्यालाच गेला. जिंकलेल्या डॉक्टरांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

घरी जाताना डॉक्टर गाडीत दातओठ खात होते. ढकलायला सांगितलं होतं कुणी? मी बोलावलं होतं? आणि 'ढकलतो' तेवढं बरं त्या म्हाताऱ्याला ऐकू आलं! ब्रेक, हॉर्न, ॲक्सिलरेटर तळाशी. इंजिन एका सुरात गात होतं.

"बघा, एकही उचकी नाही," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तरी उद्या रोलरवाल्याकडे जाऊन माफी मागू या का?"

"खबरदार!" डॉक्टर ओरडले, आणि गाडी आणखी झकास पळायला लागली.