पायथॉन मोडीत काढण्याची रीतसर पद्धत

आमच्या विद्यापीठाच्या संगणक कक्ष क्रमांक २१४ मधले अठराही संगणक मार्च महिन्यात उत्तम चालत होते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. बल्गेरियात कुठल्याही सरकारी खोलीत जाऊन चालती वस्तू बदलून मागणं म्हणजे धडधाकट माणसाच्या नावे मृत्यूचा दाखला मागणं.

मागणारी नेव्हेना होती. नदीचा पूर हा तिच्या डॉक्टरेटचा विषय. आमच्या काठावरच्या तीनशे बारा घरांपैकी कुठली पाण्याखाली जातील, हे तिला तीस जूनपर्यंत सांगायचं होतं. त्याच दिवशी तिची चार वर्षांची मुदत संपत होती, आणि त्याच यादीवरून नगरपालिका घरं रिकामी करणार होती. गणित पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेलं. कक्षात पायथॉनची जुनी आवृत्ती होती, ‘तीन-सहा’, तिच्या गणिताला हवं होतं नवं ‘तीन-बारा’. ते बसलं की अठरा संगणकांवर सगळी घरं आठवड्यात मोजून झाली असती. घरच्या लॅपटॉपवर एका घराला दोन दिवस लागायचे आणि तो इस्त्रीसारखा तापायचा. तिची नऊ महिन्यांची लेक कालिना त्यावर हात शेकायची, एवढाच त्याचा फायदा.

कक्ष सांभाळणारे मिंचोकाका म्हणाले, “वीस मिनिटांचं काम आहे गं पोरी. जुनं राहू दे, शेजारी नवं बसवतो. दोघं भांडत नाहीत.”

“मग बसवा ना, काका.”

“बसवलं असतं. पण संगणक सगळ्यांचे आहेत, म्हणजे कुणाचेच नाहीत. वर विचारावं लागेल.”

वर म्हणजे मालमत्ता विभागाच्या ड्रागिएव्हाबाई. “एका नोंद क्रमांकावर दोन वस्तू?” बाई म्हणाल्या. “उद्या एका खुर्चीवर दोन कारकून बसवाल.” नवं यायचं तर जुनं आधी मोडीत निघायला हवं. मोडीत काढायला तिघांची समिती हवी. अध्यक्ष बाई, सदस्य मिंचोकाका, आणि तिसरं कुणी रिकामं सापडेना म्हणून ग्रंथालयातून मला उचललं.

पहिल्या बैठकीला मी चीज घातलेली बानित्सा भाजून नेली होती. कामकाजातली तेवढी एकच गोष्ट एकमताने संपली.

“वस्तूत बिघाड काय?” बाईंनी विचारलं.

“बिघाड नाही. जुनी झालीय,” नेव्हेना म्हणाली.

“झिजलीय?”

“सॉफ्टवेअर झिजत नाही, बाई.”

“झिजत नाही, तर नवं कशाला हवं?”

इतिवृत्तात नोंद झाली: अर्जदार निरुत्तर.

मिंचोकाका हळूच म्हणाले, “दोन फायली उडवू का? आत्ता बिघडेल.”

“ते सरकारी मालमत्तेचं नुकसान. बिघाड नैसर्गिक हवा.”

नैसर्गिक बिघाडाची वाट पाहण्यासाठी एप्रिल महिना राखून ठेवण्यात आला. नेव्हेनाने तेवढ्यात घरी, पाळण्याशेजारी, लॅपटॉपवर पहिलं घर मोजायला लावलं.

एप्रिलभर काहीही बिघडलं नाही. मग तिचे मार्गदर्शक प्राध्यापक बोझिलोव्ह यांना नियमावलीत ‘कालबाह्य’ हे कलम सापडलं. बाईंनी ते मान्य केलं. फक्त कालबाह्य वस्तू आवाराबाहेर गेल्याचा पुरावा लागतो, भंगारवाल्याची वजनाची पावती.

“पायथॉनचं वजन किती असतं?” मी विचारलं.

“करून बघू,” बाई म्हणाल्या. बाईंना चेष्टा कळत नाही, म्हणूनच ती खुर्ची त्यांच्याकडे आहे.

शेजारच्या बालरुग्णालयातून काटा आणला. तो खरा आहे हे कसं ठरवायचं? कालिनाचं वजन आदल्याच दिवशी तिथे झालं होतं, आठ किलो चारशे. तिला काट्यावर ठेवलं. तिने माझं बोट घट्ट धरलं होतं. ते सोडवून घेतल्यावर काट्याने आठ चारशे दाखवलं. मग तिच्या जागी संगणक ठेवला, सहा नऊशे. मिंचोकाकांनी आधी या आणि मग उरलेल्या सतरा संगणकांवरून तीन-सहा काढून टाकलं. तोवर नेव्हेनाने कोपऱ्यात पाठमोरी बसून लेकीला पाजलं. संगणक पुन्हा काट्यावर चढला, सहा नऊशे. कालिना पुन्हा चढली, आठ चारशे नव्वद.

“काटा चोख आहे,” बाईंनी लिहून घेतलं. “बाळात फरक पडला, यंत्रात पडला नाही. म्हणजे वस्तू आतच आहे.”

“अहो, मी माझ्या हाताने काढली!”

“काढलीत ना? मग गेली कुठे, मिंचो?”

फाटकावरच्या रखवालदाराला लेखी हुकूम गेला की नेव्हेनाची बाळाची पिशवी रोज तपासावी. तो रोज दोन लंगोट आणि एक बाटली अशी नोंद करी, आणि रोज कालिनाचा गाल ओढून माफी मागे.

तर जुनं पायथॉन संगणकांतून गेलं होतं, कागदावरून गेलं नव्हतं. कागदावर ते होतं, म्हणून नवं येऊ शकत नव्हतं.

“निदान जुनं तरी परत टाकतो,” मिंचोकाका रडकुंडीला येऊन म्हणाले.

“जे गेलेलंच नाही ते परत कसं येईल?”

विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा पेन्सिलीने दिली. कागदावर कुठलाच प्रोग्राम अडकत नाही. निकाल एकाहत्तर टक्क्यांवरून अठ्ठ्याण्णववर गेला आणि डीनसाहेबांनी कक्षाला मानपत्र दिलं. एकवीस मेला नेव्हेना सातवा अर्ज घेऊन गेली, तर बाई चॉकलेटचा डबा पुढे करत म्हणाल्या, “आज माझा नामदिन, माझ्या नावाच्या संताचा सण, आणि तू कागद आणतेस? घे, दोन घे. अंगावर पाजतेस, वाळलीस किती!” माया खरी होती. अर्जाला हात लावला नाही.

तीस जूनला लॅपटॉपवर एक्केचाळीस घरं मोजून झाली होती. त्यांतली सव्वीस पाण्याखाली जात होती.

परीक्षकांसमोर बोझिलोव्ह तिला म्हणाले, “आता उरलेली दोनशे एकाहत्तर. त्यांत धोका आढळला?”

“सर, ती मी मोजलीच नाहीत.”

“ते मी विचारलं का? आढळला?”

“नाही, पण...”

“लिहून घ्या. उर्वरित घरांत धोका आढळला नाही.”

“सर, हे खोटं आहे.”

“यातला खोटा शब्द दाखव, लगेच खोडतो.”

तिने वाक्य तीनदा वाचलं. खोटा शब्द सापडला नाही. दाराबाहेर, माझ्या कडेवर, कालिना भुकेने रडायला लागली होती. बोझिलोव्हनी पेन तिच्याकडे सरकवलं. “पोरी, आज सही नाही तर चार वर्षं गेली. आणि यादी नाही तर ती सव्वीस घरंही कुणी हलवणार नाही.”

नेव्हेनाने समासात ‘ही घरं मोजलेली नाहीत’ असं बारीक अक्षरात लिहिलं आणि सही केली. विद्यापीठाचा गोल शिक्का बरोबर त्या ओळीवर बसला.

नगरपालिकेने सव्वीस घरं रिकामी केली. ती माणसं आता नेव्हेना दिसली की रस्ता बदलतात. “आमचीच बरी मोजलीस!” असं एका म्हातारीने तिला भर बाजारात, टोमॅटोच्या ढिगाशेजारी सुनावलं. बाकीच्या सगळ्या दारांवर ‘धोका आढळला नाही’ अशी निळी पाटी लागली. नेव्हेना दारोदार जाऊन सांगत फिरली की तुमचं घर मोजलेलं नाही. लोकांनी तिला सरबत दिलं, बाळाचं कौतुक केलं आणि पाटी काढायला नकार दिला.

माझ्याकडेही ती आली होती. माझं घर एकशे अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचं, अंगणाची पायरी उतरलं की नदी. मोजमाप कसं झालं ते मला ठाऊक होतं, त्या समितीत तिसरी सही माझीच. मी तिचं सगळं ऐकून घेतलं, कालिनाला मांडीवर घेतलं, आणि ती गेल्यावर पाटी ओल्या फडक्याने पुसून ठेवली. तुमच्या दारावरही कसली ना कसली पाटी असेलच. ती लावायला आलेल्या माणसाला तुम्ही काय विचारलं होतं? मी विचारलं, “जरा सरळ लावाल का?”