सावकाश गट

डॉक्टरांनी शरणम्माला रोज दोन मैल चालायला सांगितलं आणि गुरुलिंगअण्णांची झोप उडाली. शरणम्माची साखर वाढली होती, गुडघे धरले होते, आणि डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की बाई आता चालल्या नाहीत तर वर्षभरात अंथरूण धरतील. अण्णा एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर हेडक्लार्क होते. लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्यांचा बायकोवर फार जीव होता, फक्त ते तिला सांगायचं राहून गेलं होतं.

शरणम्मा एकदा निघाली होती. संध्याकाळी, तलावाच्या रस्त्यानं, एकटी, रिकाम्या हातानं. दहा मिनिटांत तीन ओळखीच्या बायका भेटल्या. पहिलीनं विचारलं, "घरात काई झालं का?" दुसरी म्हणाली, "अण्णा बरे हायत न्हवं?" तिसरीनं काहीच न विचारता तिला टांग्यात घातलं आणि घरी आणून सोडलं.

"बिनकामाचं एकटीनं हिंडायचं मला जमायचं न्हाई," शरणम्मानं जाहीर केलं.

"मग शेजारच्या काशम्माला घेऊन जा."

"तिला कशाला तरास? तिला कुटं साखर हाय?"

अण्णांनी स्वतःच सोबत जावं, हा साधा उपाय होता. पण नवराबायकोनं काही काम नसताना जोडीनं रस्त्यानं चालायचं, असं त्यांच्या गल्लीत अजून कुणी केलं नव्हतं. अण्णा तर लग्नकार्याला जातानाही बायकोच्या दहा पावलं पुढं असत. त्यांनी आठवडाभर डोकं चालवलं. एक बाई चालली तर लोक चौकशी करतात. पन्नास माणसं चालली तर कोण कुणाची चौकशी करणार?

म्हणून सोलापुरातली गड्ड्याची जत्रा आटपल्यावर, पुढच्या रविवारी, अक्कलकोट नाका ते कुंभारी असा पायी चालण्याचा मेळावा ठरला. अण्णांनी पदरमोड करून पत्रकं छापली. 'सर्व वयाच्या व सर्व ताकदीच्या स्त्रीपुरुषांसाठी' असं त्यावर ठळक होतं. गट तीन होते: वेगवान, मध्यम आणि सावकाश. कुंभारीला पोचणाऱ्या प्रत्येकाला पितळी बिल्ला मिळणार होता. वाटेत वाहनात बसेल त्याला नाही. हा नियम शरणम्मासाठीच होता. मात्र हा सगळा खटाटोप आपल्यापायी आहे, हे तिला कळू देणं धोक्याचं होतं. कळलं असतं तर ती लाजेनं घराबाहेरच पडली नसती.

सदतीस माणसं जमली. वेगवान गट बघता बघता दिसेनासा झाला, मध्यम गट त्याच्या मागोमाग गेला. सावकाश गटात नऊ जण होते: शरणम्मा, काशम्मा, पेन्शनीतले काही मास्तर आणि लंगडणारा एक शिंपी. अण्णा सगळ्यांच्या मागे राहिले. पहिला मैल शरणम्मा बोलत बोलत चालली. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी शिंप्याला उगाचच शाबासकी दिली.

तेवढ्यात मागून बैलगाडी आली. सोलापुरात कडबा विकून धोंडीराम रिकामी गाडी घेऊन गावाकडं निघाला होता. बायका चालताना दिसताच त्यानं कासरा ओढला.

"आक्का, यष्टी चुकली व्हय? बसा की गाडीत."

"नको," अण्णा लगबगीनं पुढं आले. "आम्ही मुद्दाम चालतोय."

"मुद्दाम? नवस हाय का?"

"नवस नाही. सहज."

धोंडीरामानं अण्णांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मालक, तुमी चाला की. तुमचे पाय, तुमची हौस. पर ह्या बायामाणसास्नी कशापायी?"

"त्यांनाही चालायचंय. तुम्ही व्हा पुढं."

"कसा होऊ? बायामाणसं पायी, आन् मी रिकामी गाडी घिऊन पुढं? गावात कुनी सांगितलं तर माजी आई मला भाकर वाढायची न्हाय."

आणि तो पुढं गेला नाही. सावकाश गट चालेल त्या चालीनं त्याचे बैल मागून चालू लागले. काशम्मा दम खायला थांबली की गाडीही थांबे. थोड्या वेळानं दुसरी रिकामी गाडी आली. तिच्या मालकानं धोंडीरामाला भानगड विचारली, त्यालाही पुढं जाणं प्रशस्त वाटेना, तोही मागे लागला. मग तिसरी आली. एवढ्या गाड्या थांबल्यात त्या अर्थी काही कारण असणार, म्हणून त्यानंतरच्यांनी कारणही विचारलं नाही. दुसरा मैल संपेपर्यंत अरुंद रस्त्यावर मागे सात गाड्या झाल्या होत्या आणि त्यांच्यामागे अक्कलकोटची यष्टी हॉर्न वाजवत उभी होती.

कंडक्टर उतरून तावातावानं पुढं आला. नऊ माणसं धापा टाकत चालताना पाहून त्याचा राग मावळला.

"म्हाताऱ्या माणसांना चालवतंय कोण?" त्यानं विचारलं. "चला, आत दाटीवाटीनं होईल जागा."

"आम्हाला यष्टीत बसायचं नाही," अण्णा काकुळतीला येऊन म्हणाले.

"अवो, मग ह्यांच्या गाडीत तरी बसा. रस्ता मोकळा करा. तितं लग्नाच्या मुहूर्ताला निघालेली मान्सं बसल्यात आत."

यष्टीच्या खिडक्यांतून माणसं अण्णांना शिव्या देऊ लागली. अण्णांनी तडजोड काढली, "मी बसतो गाडीत."

"तुमी बसून काय उपेग?" धोंडीराम म्हणाला. "बाप्या मानूस चालला काय, बसला काय, सारकंच. आक्का बसल्या पायजेत."

आता अण्णांना घाम फुटला. जिला चालवण्यासाठी सदतीस माणसं गोळा केली, तिच्यापुढं जाऊन त्यांनी भर रस्त्यात हात जोडले.

"शरणम्मा, बस गं गाडीत."

"मी न्हाई बसायची."

"अगं, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. दोन मैल चालले मी, दमले पन न्हाई. आता बिल्ला घालवू व्हय?" शरणम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग धोंडीरामाकडं वळून म्हणाली, "दादा, तुमाला रिकामी गाडी न्यायची लाज वाटती, व्हय का न्हाई?"

"व्हय की."

"मग आमचं ओझं न्या. ह्या सगळ्यांच्या पिशव्या घ्या, पान्याचा डबा घ्या, आन् ह्यास्नी घ्या. सकाळपासनं ह्यांचाच मला घोर लागलाय. नवे बूट घालून आलेत, कवाचे लंगडतायत."

धोंडीरामाचं तोंड उजळलं. बायकांचं ओझं वाहून न्यायचं म्हणजे गाडी रिकामी नव्हती, बोल लागणार नव्हता. त्यानं पिशव्या सातही गाड्यांत एकेक वाटल्या, डबा आपल्या गाडीत घेतला आणि मेळाव्याचे संस्थापक दंडाला धरून वर घेतले. सातही गाड्या धडधडत निघाल्या, मागून यष्टी मोकळी झाली, आणि अण्णा डबा मांडीवर घेऊन मागे लहान होत जाणाऱ्या बायकोकडं पाहत राहिले.

कुंभारीत पारावर ते दीड तास बसले. वेगवान गट जेवून झोपला होता. वाटेत ती पडली तर, पाय मुरगळला तर, असलं नाही नाही ते त्यांच्या मनात येत होतं. शेवटी ती दिसली. तोंड लाल, पदर खोचलेला, आणि काशम्माला कसलीशी गोष्ट सांगत ती चालत होती.

अण्णांनी स्वतःच्या हातानं तिला बिल्ला लावला. पिन दोनदा चुकली.

"डाक्टरनं दोन मैल सांगितलेले," शरणम्मा हळू आवाजात म्हणाली. "पाच झाले."

अण्णा चपापले. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पत्रक वाचल्यापासनं. आमच्या हेडक्लार्कास्नी चालन्याची हौस कवापासनं लागली म्हनलं." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "एवढी मान्सं कशाला गोळा केली? नुसतं तुमी आला असता तरी चालले असते की."

 अण्णा बराच वेळ पाण्याच्या डब्याचं झाकण लावत बसले.

सोमवारी पेढीवरून घरी आल्यावर त्यांनी पायातलं काढलं नाही. दारातच उभं राहून ते दोनदा खाकरले. शरणम्मा बाहेर आली, तिनं त्यांच्याकडं एकवार पाहिलं आणि काही न विचारता दाराला बाहेरून कडी घातली. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. अण्णांचे कान तापले, पण त्या संध्याकाळी ते दहा पावलं पुढं गेले नाहीत.